भिंतीवरची अक्षरं

बरकतपुरा, हैदराबाद
६ फेब्रुवारी २०२५

चि. शर्वरीस,
कुसुममावशीचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. हल्ली पोस्टातून हाताने लिहिलेलं पत्र आलं की माणसं आधी तेच समजतात. तुझी आई अलका आणि मी मावसबहिणी, एवढंच आपलं नातं. एकाच गावात राहून तीन वर्षांत आपण भेटलो ती गेल्या महिन्यात, दिलसुखनगरच्या लग्नात. गावाची दोन टोकं म्हणजे दोन गावंच म्हणायची.

त्या फंक्शन हॉलमध्ये तू माझ्या शेजारी जेवायला बसली होतीस. तू दोनदा काहीतरी विचारलंस आणि मी दोनदा नुसतं 'हो हो' म्हटलं. अशा वेळी लोक एकतर आवाज चढवतात, नाहीतर पलीकडच्याशी बोलायला लागतात. तू पर्समधून पेन काढलंस आणि लग्नपत्रिकेच्या पाठीमागे लिहिलंस, 'मावशी, जिलबी आणखी हवी का?' दहा वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. मग मीही लिहून विचारलं की तू घरी वेळ कसा घालवतेस, तर तू लिहिलंस, भिंतीवर सिनेमे बघते. ती पत्रिका मी जपून ठेवली आहे.

आता कामाचं. मला तसला प्रोजेक्टर घ्यायचा आहे. भारी नको, पहिल्यांदा घेणाऱ्याला परवडेल असा. माझ्या शिवणकामाचे पैसे आहेत, ते कधीतरी खर्च करायचेच आहेत.

कशाला हवा, तेही सांगते. आमच्या घरी रविवारी दुपारी जेवणं झाली की माझा गौतम, सून त्रिवेणी आणि नातू रितेश टीव्हीवर एखादं विनोदी मराठी काहीतरी लावतात. सगळे हसतात. मला ऐकू येत नाही. कानाला यंत्र आहे, पण ते पंखा, ताटल्या आणि माणूस यांचं एकच गाठोडं करून कानात टाकतं. तुझे काका होते तोवर ते प्रत्येक वाक्य माझ्या कानाशी परत सांगायचे. मी सगळ्यांच्या एक वाक्य मागे असायची, पण असायची. ते गेल्याला चार वर्षं झाली. टीव्हीवर खाली अक्षरं येतात म्हणे, पण ती मुंगीएवढी. मला ती भिंतीएवढी हवीत. मला सगळ्यांबरोबर, त्याच वेळी हसायचं आहे. बाकी काही नको.

त्रिवेणीच्या मोबाइलवरून तुला निरोप देता आला असता, पण मग तो घरभर झाला असता. म्हणून हे पत्र. कुठला घ्यावा ते सविस्तर लिही. जावईबापूंना, रोहनला, आशीर्वाद.

तुझी,
कुसुममावशी


कोंडापूर, हैदराबाद
१२ फेब्रुवारी २०२५

ती. कुसुममावशी,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र वॉचमननं वर आणून दिलं, आणि खरंच मी आधी घाबरले. शाळा सुटल्यापासून मराठीत एवढं लांब पहिल्यांदाच लिहितेय, त्यामुळे अक्षराला आणि चुकांना हसू नका. किंवा हसा, तेवढीच सुरुवात.

प्रोजेक्टर घेताना बहुतेक लोक फसतात ते उजेडाच्या आकड्यात. खोक्यावर वीस हजार ल्युमेन वगैरे छापलेलं असतं. तो आकडा बघायचाच नाही. 'अन्सी ल्युमेन', म्हणजे मोजून घेतलेला खरा उजेड, किती ते विचारायचं. स्वस्तातल्या चांगल्या मशीनमध्ये तो चारशे-पाचशेच्या आसपास असतो आणि अंधाऱ्या खोलीत तेवढा पुरतो. मात्र तुम्ही दुपारी बघणार, तेव्हा खोलीत अंधार करावाच लागेल, त्याला इलाज नाही.

तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचं आहे रेझोल्यूशन. दुकानदार म्हणेल 'फोर-के सपोर्ट आहे'. सपोर्ट म्हणजे मोठं चित्र आत घेतो, पण भिंतीवर टाकताना बारीक करून टाकतो. तुम्ही विचारायचं, 'नेटिव्ह किती?' उत्तर 'टेन-एटी' असेल तरच पुढे बोलायचं. त्याहून कमी असलेल्यात रंग छान दिसतात, पण अक्षरांच्या कडा दुधात भिजल्यासारख्या होतात.

मला हे कळवा: भिंत किती रुंद आहे, तिचा रंग कोणता, बसायची जागा भिंतीपासून किती लांब, खिडक्या किती, आणि मशीन ठेवायला भिंतीच्या बरोबर समोर जागा आहे का. मशीनचा पंखा थोडा आवाज करतो, तो कितपत चालेल तेही सांगा.

रोहनला तुमचे आशीर्वाद सांगते.

तुमची,
शर्वरी


बरकतपुरा
२० फेब्रुवारी २०२५

चि. शर्वरीस,
अनेक आशीर्वाद.

मशीनचा आवाज कितपत चालेल हे तू मला विचारलंस, त्यावर मी एकटीच खूप वेळ हसले. चक्की लावलीस तरी चालेल.

मापं शिवणाच्या टेपनं घेतली आहेत, तेव्हा इंचात देते आणि अर्ध्या इंचाचीही चूक नाही. पस्तीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले, एकही परत आला नाही. हॉलची मोठी भिंत एकशे बत्तीस इंच. रंग पिस्ता. सोफा भिंतीपासून एकशे वीस इंच. मध्ये टीपॉय आहे, तो भिंतीपासून अठ्ठ्याऐंशी इंचांवर. खिडक्या दोन, एक पश्चिमेची, ती दुपारी आग ओकते. सुलतान बाजारातून काळं जाड कापड आणून दोन्हींना अस्तराचे पडदे मीच शिवीन. भिंतीचा मधला भाग पांढरा करून घ्यायला गौतमला सांगितलंय. कशाला म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, रितेशला क्रिकेट मोठं दिसेल. लगेच तयार झाला.

तू विचारलं नाहीस पण सांगते. गेल्या वर्षापर्यंत मी रविवारी त्यांच्याबरोबर बसायची आणि मध्ये मध्ये विचारायची, काय म्हणाला? काय म्हणाली? एकदा त्रिवेणीनं रितेशला काहीतरी म्हटलं. ते ऐकू आलं नाही, पण तोंडं वाचता येतात. 'आजीला आत झोपायला सांग, तिला बोर होतंय.' ती वाईट नाही गं. तिला खरंच तसं वाटलं असेल. तेव्हापासून मी रविवारी जेवण झालं की आपणहून आत जाते आणि ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक उघडते. पुस्तकातल्या माणसांना मला ओरडून सांगावं लागत नाही. पण भिंतीपलीकडे सगळे हसले की लादी थोडी हलते, ते पायाला कळतं.

असो. आता मशीन सांग.

कुसुममावशी


कोंडापूर
१ मार्च २०२५

ती. कुसुममावशी,
सा. नमस्कार.

लादीचं वाचल्यावर मी पत्र खाली ठेवलं आणि आमचा प्रोजेक्टर बाहेर काढला. खरं सांगायचं तर तो कपाटाच्या वर होता आणि त्यावर बोटभर धूळ होती. लग्नात मी लिहिलं होतं की भिंतीवर सिनेमे बघते, पण हल्ली वेळ होत नाही. रोहन कामासाठी बेंगळुरूला असतो आणि मला घरून काम, त्यात दिवस जातो. रिमोट शोधण्यातच अर्धा तास गेला.

पण तुमच्या मापांवर सगळं करून बघितलं. टीपॉयवरून, म्हणजे अठ्ठ्याऐंशी इंचांवरून, साधारण ऐंशी इंची चित्र पडतं. अक्षरं सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात मोठी केली आणि मी सोफ्याच्याही मागे, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. चष्मा काढूनही वाचता आली. सफेद अक्षरांना काळी पट्टी द्यायची, म्हणजे पांढऱ्या साडीवर आली तरी दिसतात.

एक जपा. मशीन तिरपं ठेवून चित्र सरळ करायची सोय असते, तिला की-स्टोन म्हणतात. ती शक्यतो वापरू नका, तिच्यानं अक्षरं फाटतात. मशीन भिंतीच्या बरोबर समोर, नाकासमोर ठेवा. आवाजासाठी घरातला स्पीकर वायरनं जोडा, बाकीच्यांसाठी.

दोन मॉडेलची नावं वेगळ्या चिठ्ठीवर लिहिली आहेत, त्यातलं कुठलंही चालेल. पण दुकानात लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. ते जंगल, मासे, फुलं दाखवतात. तुम्ही म्हणा, मला अक्षरं दाखवा. आणि मधली बघू नका, कोपऱ्यातली बघा. स्वस्त मशीन मध्ये खरं बोलतं आणि कोपऱ्यात थापा मारतं.

शर्वरी


बरकतपुरा
२२ मार्च २०२५

चि. शर्वरीस,
अनेक आशीर्वाद.

घेतला. तुझ्या चिठ्ठीवरचा दुसरा.

रितेशला सोबत घेऊन गेले होते. दुकानदारानं आधी मासे दाखवले. मी म्हटलं, मासे नको, अक्षरं. त्याला वाटलं म्हातारीला काही समजत नाही, तर त्यानं आणखी मोठे मासे दाखवले. शेवटी रितेशनं त्याला दक्खनीत खडसावलं, 'अरे मियाँ, दादी को पढ़ना है, देखना नक्को.' मग त्यानं एक इंग्रजी सिनेमा लावला. खाली अक्षरं आली. मी उठून भिंतीजवळ गेले, चारही कोपरे बघितले. काय रेखीव होती म्हणून सांगू, एकेका अक्षराची कड कात्रीनं कापल्यासारखी. पहिल्या मशीनमध्ये डावा कोपरा पुसट होता, तो मी सोडला. दुकानदार म्हणाला, इतकं बारकाईनं इंजिनियरपण बघत नाहीत. मी त्याला सांगितलं, माझी भाची आहे तिकडे कोंडापूरला, तिनं शिकवलंय.

पडदे झाले. भिंत पांढरी झाली. पाडव्याला रविवारच आहे. त्या दिवशी दुपारी उद्घाटन. नाटक मी निवडलंय, एकाच घरात एकाच दिवशी दोन वऱ्हाडं उतरतात असलं काहीतरी धमाल आहे म्हणे. एका हौशी संघानं स्वतःच इंटरनेटवर ठेवलंय. आमच्या शेजारच्या भाग्यलक्ष्मीलाही बोलावलंय. ती तेलुगू, पण पन्नास वर्षं आमच्यात राहून तिला मराठी माझ्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

मी आठ दिवस आधीच साडी काढून ठेवली आहे. हसशील, पण मला पहिल्यांदा सासरी जाताना झाली नव्हती एवढी धडधड होते आहे.

रोहन बेंगळुरूहून पाडव्याला येतोय ना? त्याला काय आवडतं ते कर. तू एकटी असशील तर इकडेच ये.

कुसुममावशी


बरकतपुरा
२ एप्रिल २०२५

चि. शर्वरीस,
आशीर्वाद.

तू पाडव्याला आली नाहीस ते बरंच झालं असं आता वाटतं.

मशीनमध्ये काही दोष नाही. चित्र इतकं सुंदर पडलं की भाग्यलक्ष्मीनं भिंतीला हात लावून बघितला. अक्षरंही आली. मोठी, रेखीव, काळ्या पट्टीवर पांढरी, चारही कोपऱ्यांत खरी. फक्त ती इंग्रजी होती.

रितेशनं पंधरा मिनिटं खटपट केली. यादीत इंग्रजी होतं, आणखी कुठल्या कुठल्या देशांच्या भाषा होत्या. मराठी नव्हतं. मग त्यानं दुसरं नाटक शोधलं, तिसरं शोधलं. काहींना अक्षरंच नाहीत, काहींना इंग्रजी. मराठी नाटकाला मराठी अक्षरं कुणी देत नाही म्हणे. ज्याला मराठी येतं त्याला ऐकूच येणार, मग कशाला द्यायची?

मला हे कसं कळलं नाही ते सांगते. बातम्यांत खाली अक्षरं पळतात. तेलुगू वाहिनीवर तेलुगू असतात, मराठीवर मराठी. मी समजले, तसंच असणार. दुकानात इंग्रजी अक्षरं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आणि सिनेमा इंग्रजी आहे म्हणून अक्षरं इंग्रजी, असा हिशेब करून घरी आले. कोपरे बघत होते ना. इंग्रजी मला दुकानाच्या पाटीएवढं येतं, तेही बस थांबली तर.

सगळे इतके हौसेनं बसले होते. रितेश बिचारा पहिली दहा मिनिटं माझ्या वहीत एकेक वाक्य लिहून दाखवत होता, मग त्याचंच नाटक बुडायला लागलं. मी त्याला खुणेनं सांगितलं, बघ तू, मला कळतंय. आणि मी काय केलं माहीत आहे? ते हसले की हसले. दोन तास. गौतमकडे बघायची, त्याचे खांदे हलले की मी दात दाखवायची. संपल्यावर त्रिवेणी माझ्या हाताला हात लावून म्हणाली, छान झालं ना आई. मी मान हलवली.

आता सगळ्यांना वाटतं माझं काम झालं. पुढच्या रविवारी मी आत गेले तर ते काय समजतील, आणि बाहेर बसले तर पुन्हा दोन तास तेच. मला दोन्हींची भीती वाटते. तुझा यात काही दोष नाही, हे मात्र नक्की लक्षात ठेव.

कुसुममावशी


कोंडापूर
८ एप्रिल २०२५

ती. मावशी,

दोष माझाच आहे. मी तीन पानं उजेडावर आणि कोपऱ्यांवर लिहिली आणि अक्षरं कुठल्या भाषेत असतील हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मी लहानपणापासून इंग्रजी अक्षरांसकट सगळं बघते. मला ती दिसतच नाहीत.

त्या नाटकाचं नाव नीट लिहून पाठवा. आणि मला थोडा वेळ द्या.

शर्वरी


बरकतपुरा
१० मे २०२५

चि. शर्वरीस,
अनेक आशीर्वाद.

नाटकाचं नाव पाठवून महिना होत आला, तुझं पत्र नाही. मी काही रागावलेली नाही. तू मनाला लावून घेतलंस की काय, एवढीच काळजी. अलकाला विचारायला रितेशकडून निरोप धाडला तर तिचं उत्तर आलं की शर्वरी आमचेही फोन घेत नाही.

इकडे ठीक आहे. मशीनवर क्रिकेट चालतं. मी रविवारी बाहेर बसते आणि खांदे बघून हसते. गालाला सवय होते.

नुसतं कार्ड टाकलंस तरी चालेल. दोन ओळी, जिवंत आहे एवढ्या.

कुसुममावशी


कोंडापूर
२५ मे २०२५

ती. कुसुममावशी,
सा. नमस्कार.

जिवंत आहे. सोबत एक पेन ड्राइव्ह आहे, तो कागदात गुंडाळलाय, पाकिटाबरोबर फेकून देऊ नका. रितेशला सांगा की त्यात नाटक आहे आणि त्याच नावाची दुसरी छोटी फाइल आहे. दोन्ही एकत्रच ठेवायच्या, अक्षरं आपोआप येतील. मराठी.

ती मी टाइप केली आहेत. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, कुठल्या सेकंदाला यायला हवं आणि कुठल्या सेकंदाला जायला हवं ते टाकायचं, पुन्हा लावून बघायचं. आधी वाटलं आठवड्यात होईल. पण त्या नाटकात दोन वरमाया एकाच वेळी भांडतात, आणि एक आचारी आहे तो नुसता पुटपुटतो. त्याचं एक वाक्य मी चाळीसदा ऐकलं. तो म्हणतो, 'वरण दोन्ही घरचं एकच आहे, रुसायचं तर भातावर रुसा.' हे तुम्हाला मिळायलाच हवं होतं.

ऑफिसचं काम संपलं की मी हेच करत होते. रोज. फोन घेतले नाहीत कारण कानाला हेडफोन होते, आणि काढावेसे वाटत नव्हते. किती दिवसांनी माझ्या घरात कुणीतरी मराठीत भांडत होतं. आवाज नुसते येतात तेही कंसात लिहिलेत, दार वाजतं, भांडं पडतं वगैरे, म्हणजे माणसं एकदम का वळतात ते कळेल.

चुका असतील. मला त्या कळवा.

शर्वरी


बरकतपुरा
१० जून २०२५

चि. शर्वरीस,
कुसुममावशीचे अनेक अनेक आशीर्वाद.

आधी तुला हवी ती बातमी देते.

१ जूनच्या रविवारी पडदे ओढले. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, फक्त रितेशला ठाऊक. नाटक तेच लावलं म्हणून गौतमनं कपाळाला आठ्या घातल्या. भिंतीवर पहिलं वाक्य आलं, 'अहो, मांडवात दोन नवरदेव कसे?' मराठीत, ऐंशी इंचांत. शर्वरी, पहिली दोन-तीन मिनिटं मला वाचताच आलं नाही, डोळेच भरून आले. मग पदरानं चष्मा पुसला आणि बसले.

आणि आचाऱ्याचं वाक्य आलं. तुझी अक्षरं भिंतीवर येतात आणि मग नट बोलतो, मध्ये श्वासभर वेळ जातो. त्या श्वासात मी वाचलं आणि हसले. मोठ्यानं. तो अजून बोललाच नव्हता. खोलीत मी एकटी हसत होते आणि तिघं माझ्याकडे वळून बघत होती, मग वाक्य आलं आणि ती हसली. पुढच्या वेळी पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या वेळेपासून त्यांनी भिंतीकडे बघणं सोडून माझ्याकडे बघायला सुरुवात केली. गौतम माझ्या शेजारी येऊन बसला, माझ्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश म्हणाला, "आई, तुला आधीच कसं कळतंय? सांग ना, पुढे काय होणार?"

दहा वर्षांनी मला कुणी काय झालं ते विचारत होतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, थांबा, कळेल. फार मजा आली.

आता दुसरी गोष्ट. परवाच्या रविवारी ही सगळी त्रिवेणीच्या माहेरी गेली होती. मी एकटीनंच पडदे ओढले आणि नाटक पुन्हा लावलं. या वेळी गोष्ट ठाऊक होती, म्हणून सावकाश वाचलं. कंसातलंही वाचलं. दार वाजतं, ते कळलं. भांडं पडतं, ते कळलं. पण मधूनमधून तू लिहिलंयस, (शांतता). मी वहीत खुणा केल्या. सव्वीस वेळा. विनोदी नाटक, दोन वऱ्हाडं, आणि सव्वीस वेळा शांतता?

मला वाटलं खरंच असेल, आपल्याला काय कळणार. काल रितेशला बसवलं आणि एकेक जागा ऐकायला लावली. तो म्हणाला, आजी, इथे तर लोक हसतायत. इथे मागे सनई आहे. इथे नुसता एक सेकंद कुणी बोलत नाही. सव्वीसांतल्या तीन जागा खऱ्या निघाल्या.

तू चुका कळव म्हणाली होतीस, पण ही चूक नाही. नाटक मध्ये मध्ये थांबवून तू लिहीत बसलीस तेव्हा तुझ्या खोलीत जे होतं ते तू लिहिलंस. शांतता मी लांबूनही ओळखते गं, मला ती कुणी शिकवायला नको. एवढी शांतता ज्या घरात आहे त्या घरात माणूस बेंगळुरूला कामाला गेलेलं नसतं, ते सोडून गेलेलं असतं. मला लग्नातच शंका आली होती. तू जिलबीचं मला विचारलंस आणि स्वतःच्या पानात काहीच वाढून घेतलं नाहीस. कधी गेला, का गेला, कुणाचं चुकलं, ते मला सांगायला हवंच असं नाही. अलकालाही मी बोलणार नाही. पण मला फार वाईट वाटलं. तू माझ्यासाठी दीड महिना बसून हसू लिहीत होतीस आणि मी इकडे काळजी करत होते की मशीनचा कोपरा पुसट आहे का.

येत्या रविवारी मी तुझ्याकडे येते आहे. नारायणगुड्याला मेट्रोत बसेन, परेड ग्राउंडला बदलेन, रायदुर्गला उतरून ऑटो करीन. स्टेशनांची नावं हिंदीतही लिहिलेली असतात, मी चुकणार नाही. तुझा पत्ता पाठच आहे, इतक्या वेळा पाकिटावर लिहिलाय. मी येऊ नये असं कळवायचं असेल तर पोस्टाला चार दिवस लागतात, आणि फोन मला ऐकू येत नाही, तेव्हा तू काही करू शकत नाहीस.

बेल मी वाजवीन. ती वाजली की नाही, आणि तू आतून काय म्हणालीस, यातलं मला काहीच कळणार नाही, म्हणून मी दार उघडेपर्यंत उभीच राहीन. वही आणि दोन पेनं आणते. लिहावंसं वाटलं तर लिही. नाही वाटलं तर दोघी गप्प बसू. मी गप्प बसण्यात फार तयार आहे. फक्त ती शांतता मग कंसात घालू नकोस, तिच्यात मी बसलेली असेन.

तुझी,
कुसुममावशी